बाबांच्या फ्लॉप्या, ओव्यांची वही आणि १ जानेवारी १९८०

जात्याकाठी | १२ जून, रात्री ९.४०

नमस्कार. प्रश्न तांत्रिकच आहे, पण आधी थोडं घरचं सांगते. नाहीतर मी तारखांवर एवढी का अडून बसले आहे ते कळणार नाही.

माझे बाबा चिपळूणला हायस्कुलात गणित शिकवायचे. १९९० साली मुंबईच्या आत्तेभावाने त्याच्या ऑफिसातून निघालेला एक एक्सटी संगणक त्यांना आणून दिला. हिरवा मॉनिटर, सव्वापाच इंची फ्लॉपीचे दोन ड्राइव्ह, हार्ड डिस्क नाही. त्या यंत्रावर बाबांनी चार वर्षं एकच काम केलं. सुट्टीच्या दिवशी किंवा शाळा सुटल्यावर चिपळूण-गुहागर भागातल्या वाड्यांवर जायचं, म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून कच्च्या कागदावर उतरवायच्या आणि त्याच रात्री वर्डस्टार या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये टाइप करायच्या. देवनागरीची सोय नव्हती, म्हणून सगळं रोमन अक्षरांत. कच्चे कागद नंतर बंबात जायचे.

शिवाय एक वही होती. तिच्यात प्रत्येक भेटीची एक ओळ: तारीख, वाडी, गाणाऱ्या बाईचं नाव. ओव्या मात्र वहीत नाहीत, त्या फक्त फ्लॉपीवर. फाइलीत बाईचं नाव नाही. फाइलीला नाव दिलंय ते ओवीतल्या एखाद्या शब्दाचं: तुळस, माहेर, बंधू. म्हणजे बाई वहीत, ओवी फाइलीत आणि दोघींना जोडणारा धागा फक्त तारखेचा.

२०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ट्रंक माळ्यावर होती, म्हणून फ्लॉप्या वाचल्या. एकूण अकरा आहेत. पहिल्या दोन मी एका दुकानात नेल्या. तिथे विंडोज ९८ चं जुनं यंत्र होतं. त्याने फायली पेनड्राइव्हवर घालून दिल्या आणि घरी येऊन तारखा पाहिल्या तर काहीच्या काही. निम्म्या फायलींवर १ जानेवारी १९८०, तेव्हा तर हे यंत्रच घरात नव्हतं. वेळ कुठे रात्रीचे बारा वाजून चाळीस, कुठे एक वाजून दहा. बाबा रात्री दहाला झोपणारे. ज्या फायलींवर १९९१ साल आहे त्यांचंही वहीशी जुळत नाही. एकीवर ७ मार्च १९९१ आहे, पण वहीत अख्ख्या मार्चमध्ये एकही भेट नाही, बाबा दहावीच्या परीक्षेत अडकलेले असायचे.

एका आजींसाठी मला हे मुळात हवं आहे. त्या आमच्याच गावच्या वरच्या आळीतल्या. १९९१ च्या दिवाळीत त्या गेल्या. त्याआधी बाबा त्यांच्याकडे जाऊन आले होते, वहीत नोंद आहे. त्यांची नात आता ठाण्याला असते. "माझ्या आजीच्या ओव्या कुठल्या तेवढं सांग," असं तिने मला दोनदा विचारलं. मी अंदाजाने कुठलीतरी फाइल तिच्या हातात ठेवू शकत नाही.

खऱ्या तारखा परत मिळवायचा काही मार्ग आहे का? आणि त्याच दुकानात नेलेल्या आणखी दोन फ्लॉप्या तिथल्या यंत्रात वाचल्याच गेल्या नाहीत. त्यांच्यावर बाबांच्या शाळेचा शिक्का आहे.

---

काळीफीत | १२ जून, रात्री १०.१५

ताई, उरलेल्या नऊ फ्लॉप्या कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका. कोणी कितीही खात्री दिली तरी.

पहिलं म्हणजे लिहिण्यापासून संरक्षण. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक चौकोनी खाच असते. ती उघडी असली की फ्लॉपीवर लिहिता येतं, बंद असली की येत नाही. साडेतीन इंचीचं बरोबर उलटं, म्हणून लोक गोंधळतात. खाचेवर अपारदर्शक चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी दुमडून लावा. साधी पारदर्शक टेप चालत नाही, बऱ्याच ड्राइव्हमधला प्रकाशाचा किरण तिच्यातून आरपार जातो आणि ड्राइव्हला खाच उघडीच वाटते.

याची घाई एवढ्यासाठी की विंडोज ९५ आणि ९८ ही उघड्या खाचेची फ्लॉपी नुसती पाहतानासुद्धा तिच्यावर लिहितात. बूट सेक्टरमध्ये, म्हणजे फ्लॉपीच्या अगदी पहिल्या तुकड्यात, फ्लॉपी कुठल्या डॉसने (त्या काळच्या पीसीची मूळ प्रणाली) फॉरमॅट केली ते नाव जिथे असतं, तिथे स्वतःची खूण घालतात. शेवटची तीन अक्षरं आयएचसी असतात. तुमच्या पहिल्या दोन फ्लॉप्यांवर ती बहुधा आता असेल. फायली आणि त्यांच्या तारखा त्याने जात नाहीत, पण एक पुरावा कायमचा गेला.

दुसरं, बुरशी. कोकणातल्या फ्लॉप्या मी पुष्कळ पाहिल्यात. मधल्या लांबट खिडकीतून तबकडी हळूहळू फिरवत तिरप्या उजेडात बघा. पांढुरके, धुरकट ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये फिरली की हेड तो थर खरवडतं, खालचं चुंबकीय लेपण निघतं आणि तो माग (ट्रॅक) परत वाचता येत नाही. वर तेच घाणेरडं हेड पुढच्या फ्लॉपीवर चालतं. माझी पद्धत अशी: पाकिटाची वरची कड ब्लेडने उघडायची, तबकडी बाहेर काढायची, आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने वर्तुळाच्या दिशेत अलगद पुसायची, पूर्ण वाळू द्यायची आणि स्वच्छ पाकिटात घालून मगच वाचायची. एका फ्लॉपीला अर्धा तास जातो. तो द्यायचा.

मी डोंबिवलीला राहतो. माझ्याकडे चालू ड्राइव्ह आणि ग्रीझवीझल आहे. ग्रीझवीझल म्हणजे तबकडीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे यूएसबीवरून उतरवून घेणारा छोटा बोर्ड. फ्लॉपीवर काहीही न लिहिता तिची पूर्ण प्रत निघते. ट्रंक घेऊन या, आपण समोर बसून करू.

आणि वर्डस्टारच्या फायली नोटपॅडमध्ये उघडल्यावर प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर विचित्र दिसेल, घाबरू नका. वर्डस्टार तिथला आठवा बिट स्वतःच्या कामासाठी वापरतो. तो काढून टाकला की मजकूर सरळ होतो.

---

सेक्टर_शून्य | १३ जून, सकाळी ७.०५

काळीफीत यांनी फ्लॉपीचं सांगितलं, मी तारखेचं सांगतो. आमच्याकडेही बिनघड्याळाचा एक्सटी होता, त्यामुळे तुमची निम्मी यादी वाचूनच ओळखीची वाटली.

आयबीएमच्या १९८१ च्या पीसीत आणि १९८३ च्या एक्सटीत बॅटरीवर चालणारं घड्याळ नव्हतं. ते १९८४ च्या एटीबरोबर आलं. एक्सटी बंद केला की त्याला काळ-वेळ काही आठवत नाही. चालू करताना डॉस आधी तारीख विचारतो, मग वेळ. काही न लिहिता एंटर दाबलं तर तो १ जानेवारी १९८०, रात्रीचे बारा असं धरून चालतो आणि तिथून पुढे मोजत राहतो.

म्हणून तुमचे बाबा रात्री बारा चाळीसला जागे नव्हते, ताई. ००:४० याचा अर्थ यंत्र चालू केल्यापासून चाळीस मिनिटांनी त्यांनी ती फाइल साठवली. तारीख हरवली आहे, पण त्या रात्री ते किती वेळ बसले होते तेवढं त्या आकड्यात राहिलं आहे.

आता तारीख असते कुठे ते पाहू. ३६० के फ्लॉपीवर पहिला सेक्टर बूटचा, मग एफएटीच्या (कुठली फाइल कुठे आहे त्या तक्त्याच्या) दोन प्रती, चार सेक्टर, आणि शून्यापासून मोजलं तर पाचव्या क्रमांकापासून सात सेक्टर डिरेक्टरीचे, म्हणजे फायलींच्या यादीचे. तिथे ११२ नोंदी मावतात, प्रत्येक नोंद ३२ बाइटची. नोंदीत शून्यापासून मोजलं तर २२-२३ या बाइटांत वेळ आणि २४-२५ मध्ये तारीख. हिशेब असा: १९८० नंतरची वर्षं गुणिले ५१२, अधिक महिना गुणिले ३२, अधिक दिवस. १ जानेवारी १९८० चे होतात ३३. सोळाच्या पायाच्या (हेक्साडेसिमल) आकड्यांत हे २१, आणि तबकडीवर खालचा बाइट आधी येतो, म्हणून तिथे "२१ ००" दिसतं. ज्या ज्या नोंदीत ही जोडी दिसेल तिथे त्या रात्री एंटर दाबलं गेलं. वेळेसाठी तास गुणिले २०४८, मिनिटं गुणिले ३२, अधिक सेकंदांची निम्मी. सेकंदाला पाचच बिट उरतात, म्हणून डॉसची वेळ दोन-दोन सेकंदांनी पुढे सरकते.

प्रती तयार झाल्या की मला तीन गोष्टी हव्यात.

डिरेक्टरीतल्या नोंदी ज्या क्रमाने पडल्या आहेत त्याच क्रमाने, नावांप्रमाणे लावलेल्या नकोत. डॉस नवी फाइल पहिल्या मोकळ्या जागेत नोंदवतो. फाइल पुसली तरी नोंद जात नाही, नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी फक्त ई५ हा बाइट येतो आणि तारीख तशीच राहते. म्हणून हा क्रम हाच आपला दुसरा साक्षीदार. पण वर्डस्टारची सवय लक्षात ठेवायची: जुनी फाइल उघडून परत साठवली की तो नवा मजकूर वेगळ्या तात्पुरत्या फाइलीत लिहितो, जुनीला बॅक हे शेपूट लावतो आणि नवीला मूळ नाव देतो. म्हणजे मूळ जागेवर बॅक राहतं आणि खरी फाइल खाली सरकते. जिला बॅक नाही, ती एकदाच टाइप झाली असं बहुतेक वेळा धरता येतं.

दुसरी गोष्ट फ्लॉपीचं लेबल. तेही डिरेक्टरीतलीच एक नोंद असतं आणि त्यालाही तारीख-वेळ असते. फ्लॉपी फॉरमॅट झाली तो क्षण.

तिसरी, व्हॉल्यूम सीरियल नंबर. डॉस ४ पासून फॉरमॅट करताना तो बूट सेक्टरमध्ये लिहिला जातो, आणि तो त्या क्षणाची तारीख नि वेळ बेरजेने कालवून बनवतात. उलटा सोडवता येतो.

यंत्र मिळालं तर डॉसच्या डीबगमध्ये "एल १०० ० ५ ७" दिलं की ए ड्राइव्हमधली डिरेक्टरी स्मृतीत येते आणि "डी १००" ने दिसते. पण "एल" च्या जागी "डब्ल्यू" पडलं तर डीबग थेट फ्लॉपीवर लिहून मोकळं होतं, म्हणून मूळ फ्लॉपीवर डीबग नकोच, प्रतीवर करा. आणि कोणी "रिकव्हर चालवून बघा" म्हणालं तर त्याच्या हातात ट्रंक देऊ नका. डॉसचं रिकव्हर अख्ख्या ड्राइव्हवर चालवलं की सगळ्या फायलींची नावं जाऊन क्रमांक येतात आणि आपल्याला हवं ते सगळं पुसलं जातं.

---

नॉर्टनप्रेमी | १३ जून, सकाळी ११.२०

एवढं कशाला? नॉर्टन युटिलिटीज ४.५ मध्ये एफडी नावाची छोटी युटिलिटी आहे, फाइलीची तारीख हवी ती करून देते. वही बघून एकेका फाइलीला तारीख घालून टाका, पुढे कोणाला प्रश्नच पडणार नाही.

---

सेक्टर_शून्य | १३ जून, दुपारी १.३०

एफडी चांगली आहे, मीही वापरली आहे. पण इथे नको. कुठली फाइल वहीतल्या कुठल्या ओळीची, हेच तर अजून ठरायचं आहे. अंदाज करून तारीख घातली की उद्या तो अंदाज आणि फ्लॉपीवरची खरी खूण वेगळी ओळखता येणार नाही. चुकीची तारीखसुद्धा बाबांच्या यंत्राने त्या रात्री लिहिलेली आहे. ती तशीच ठेवावी आणि आपण काढलेली तारीख वेगळ्या यादीत, कशावरून काढली त्या कारणासकट लिहावी. नॉर्टनचं डिरेक्टरी सॉर्ट आणि स्पीड डिस्क यांनाही याच कारणाने दूर ठेवा, एक नोंदींचा क्रम बदलतं, दुसरं फायलींच्या जागा.

---

पाटीपेन्सिल | १३ जून, रात्री ८.५०

शाळेच्या शिक्क्याच्या दोन फ्लॉप्यांबद्दल. बाबा गणिताचे शिक्षक आणि काळ ऐंशीच्या दशकातला, तर त्या बहुतेक बीबीसी मायक्रोच्या असणार. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी क्लास नावाचा प्रकल्प सुरू केला, त्यात केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीची ही यंत्रं शाळांना दिली. आमच्याही शाळेत आली होती. गणिताच्याच सरांना प्रशिक्षणाला पाठवलं होतं. ३२ के स्मृतीचं ते यंत्र, लाल कळांची ती वरची ओळ, आणि चालू करताना येणारा दोन सुरांचा आवाज मला अजून झोपेतही ओळखता येईल.

ती फ्लॉपी पीसीवर का वाचली जात नाही, तर तिची घडणच वेगळी. एका मागावर २५६ बाइटचे दहा सेक्टर, चाळीस मागांची एक बाजू १०० के, आणि लिहिण्याची पद्धत एकपट घनतेची. बऱ्याच पीसींच्या कंट्रोलरला ती समजत नाही. ग्रीझवीझलला समजते.

तारीख मात्र शोधू नका. एकॉर्नच्या डीएफएसमध्ये, म्हणजे त्या यंत्राच्या फ्लॉपीवर फायली ठेवण्याच्या पद्धतीत, फाइलीला तारीख हा प्रकारच नाही. सात अक्षरांचं नाव, कुठे भरायची तो पत्ता, कुठून चालवायची तो पत्ता, लांबी आणि सुरुवातीचा सेक्टर, संपलं. एका बाजूला फक्त ३१ फायली.

तरी दोन खुणा मिळतात. स्टार कॅट ही आज्ञा दिली की फ्लॉपीच्या नावापुढे कंसात एक आकडा दिसतो. सूची दर वेळी नव्याने लिहिली गेली की तो एकाने वाढतो, ९९ नंतर परत शून्य. तेवढ्या वेळा त्या फ्लॉपीवर कोणीतरी काहीतरी साठवलं, पुसलं किंवा नाव बदललं. दुसरी खूण क्रमाची. डीएफएस फाइल सलग जागेतच ठेवतं, म्हणून मधे पुसापुसी झाली नसेल आणि स्टार कॉम्पॅक्ट चालवलं नसेल तर लहान सेक्टरवरची फाइल आधीची, मोठ्यावरची नंतरची. स्टार इन्फो दिलं की शेवटच्या रकान्यात हा सेक्टर दिसतो.

ओव्या त्यावर नसतील. पण मुलांचे प्रोग्रॅम असतील, बेसिकमध्ये लिहिलेले. तेही जपा.

---

जात्याकाठी | २३ जून, रात्री ११.१०

काल डोंबिवलीला जाऊन आले. सकाळी दहा ते संध्याकाळी सात. काळीफीत दादा आणि वहिनींनी जेवायला घातलं, ते वेगळंच. चार फ्लॉप्यांना बुरशी होती, त्या त्यांनी माझ्यासमोर उघडून धुतल्या. अकराच्या अकरा वाचल्या गेल्या, फक्त आठव्या क्रमांकाच्या फ्लॉपीवर तीन सेक्टर गेले. पहिल्या दोन फ्लॉप्यांच्या बूट सेक्टरमध्ये आयएचसी सापडलं. ती अक्षरं पाहून माझ्या पोटात तुटलं.

पाटीपेन्सिल, तुमचं बरोबर होतं. शाळेच्या दोन्ही फ्लॉप्या बीबीसीच्याच निघाल्या. एकीवर कंसात ५७ आहे. पाढे विचारणारा एक प्रोग्रॅम आहे, त्यात उत्तर बरोबर आलं की "शाब्बास" असं रोमनमध्ये येतं. हा शब्द बाबा वर्गात कसा म्हणायचे ते मला ऐकू आलं.

आता तिसरी फ्लॉपी, वहीप्रमाणे १९९१ च्या पावसाळ्यातली. बूट सेक्टरमध्ये डॉस ४.० चं नाव आहे. सीरियल नंबर १सी२एफ-०७सी०. डिरेक्टरीतल्या क्रमाने:

लेबल "ओव्या ३": १ जानेवारी १९८०, ००:०५
जाते: ८ मे १९९१, २०:५५
तुळस: ८ सप्टेंबर १९९१, २१:३०
माहेर: १ जानेवारी १९८०, ००:५२
लेक: १ जानेवारी १९८०, ००:४७
पंढरी: ९ मार्च १९९१, २१:१०
बंधू: ९ नोव्हेंबर १९९१, २०:४०
सासुर: १ जानेवारी १९८०, ०१:१५

एकाही फाइलीला बॅक नाही. वहीतल्या तारखा मी मुद्दाम इथे देत नाही. तुम्हाला नुसत्या यादीवरून काय दिसतं ते आधी ऐकायचं आहे.

---

सेक्टर_शून्य | २४ जून, सकाळी ६.४०

वही न दाखवलीत ते फार बरं केलंत.

आधी सीरियल नंबर. दुसरा अर्धा भाग ०७सी०, म्हणजे नेहमीच्या आकड्यांत १९८४. हे साल नव्हे. तास गुणिले २५६, अधिक मिनिटं, अधिक साल, अशी ती बेरीज असते. यंत्राला तारीख दिलेली नसेल तर साल १९८०, मग उरले ४. शून्य तास, चार मिनिटं. पहिला भाग १सी२एफ म्हणजे ७२१५. यात महिना गुणिले २५६ अधिक दिवस आणि सेकंद गुणिले २५६ अधिक शतांश असं मिसळलेलं असतं. १ जानेवारीचे २५७ वजा केले की ६९५८ राहतात, म्हणजे २७ सेकंद आणि ४६ शतांश. यंत्र चालू केल्यापासून चार मिनिटं सत्तावीस सेकंदांनी ही फ्लॉपी फॉरमॅट झाली आणि पुढच्या मिनिटाला तिला "ओव्या ३" असं नाव मिळालं. लेबलची वेळ ००:०५ आहे, दोन्ही एकमेकांना धरून आहेत. कोरी फ्लॉपी, कोरं घड्याळ.

आता यादी. १९९१ साल असलेल्या चार फायलींचे फक्त दिवस वाचा: आठ, आठ, नऊ, नऊ. महिने मात्र मे, सप्टेंबर, मार्च, नोव्हेंबर असे कसेही उड्या मारतात. माणूस असा वागत नाही. महिना स्थिर राहतो आणि दिवस उड्या मारतात. म्हणजे आपण ज्याला दिवस म्हणतो आहोत तो महिना आहे.

डॉसला देश सांगितलेला नसेल तर तो अमेरिकन पद्धतीने तारीख घेतो, आधी महिना, मग दिवस. तुमच्या बाबांनी आपल्या पद्धतीने ५-८-९१ लिहिलं, ५ ऑगस्ट. यंत्राने वाचलं पाचवा महिना, आठवा दिवस: ८ मे. कुरकुर केली नाही, कारण ८ मे ही तारीख खरीच असते. फ्लॉपीवर ती ५८०० या आकड्याने बसली, अकरा गुणिले ५१२, पाच गुणिले ३२, अधिक आठ.

आणि मग १९८० च्या फायली कुठून आल्या? १६-८-९१ लिहून बघा. सोळावा महिना नसतो. डॉस "इनव्हॅलिड डेट" म्हणून परत विचारतो. परत तेच लिहिलं, परत तेच उत्तर. माणूस एंटर दाबून कामाला लागतो, कारण कच्चा कागद समोर आहे आणि ओव्या कानात ताज्या आहेत. पुढे वेळ विचारली तरी एंटर. म्हणून तारीख लागलेल्या दिवशी वेळही खरी, रात्री साडेआठ-नऊची, आणि तारीख हुकलेल्या दिवशी वेळही बारापासून मोजलेली.

माझं म्हणणं असं: एक ते बारा तारखांच्या रात्री उलट्या होऊन राहिल्या, आणि तेरा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्या रात्री १ जानेवारी १९८० मध्ये जाऊन पडल्या.

आता वही उघडा. ५ ऑगस्ट, ९ ऑगस्ट, ३ सप्टेंबर आणि ११ सप्टेंबर अशा नोंदी असायला हव्यात. ९ ऑगस्ट आणि ३ सप्टेंबरच्या मधे दोन नोंदी, दोन्ही १३ ऑगस्टनंतरच्या. ११ सप्टेंबरनंतर आणखी एक, तीही बारा तारखेच्या पुढची. यातली एक जरी नसली तर माझं सगळं खोटं धरा.

---

जात्याकाठी | २४ जून, सकाळी ८.१५

५ ऑगस्ट. ९ ऑगस्ट. १६ ऑगस्ट. २४ ऑगस्ट. ३ सप्टेंबर. ११ सप्टेंबर. १९ सप्टेंबर.

सातही आहेत. वही माझ्या मांडीवर आहे आणि मला पुढचं टाइप करवत नाही, थोड्या वेळाने लिहिते.

---

काळीफीत | २४ जून, सकाळी ८.४०

मी काल ती यादी पाच तास पाहत होतो आणि मला आठ-आठ-नऊ-नऊ दिसलं नाही. सेक्टर_शून्य, सलाम.

---

जात्याकाठी | २४ जून, रात्री १०.३०

२४ ऑगस्टच्या नोंदीपुढे लिहिलंय: वरची आळी, आणि आजींचं नाव.

डिरेक्टरीत तारीख नसलेली दुसरी फाइल "लेक". बॅक नाही, म्हणजे ती परत उघडलेली नाही. सत्तेचाळीस मिनिटांत टाइप केलेली. मी ती आज पहिल्यांदा कोणाची आहे ते ठाऊक असताना वाचली. चौदा ओव्या आहेत. एका ओवीत दोन शब्दांच्या मधे मोकळी जागा सोडली आहे, बाबांना तो शब्द नीट ऐकू आला नसणार. त्यांनी अंदाजाने काही भरलेलं नाही.

संध्याकाळी आईला विचारलं, बाबा यंत्र चालू करताना काय करायचे आठवतं का. मी तारखेचा विषय काढलाच नव्हता. ती म्हणाली, "सुरू झालं की ते तारीख मागायचं. महिन्याच्या सुरुवातीला घ्यायचं गुपचूप. पंधरवडा उलटला की घ्यायचंच नाही. हे म्हणायचे, याला बारापर्यंतच मोजता येतं." तिला वाटायचं यंत्र बिघडलेलं आहे.

याच पद्धतीने आज पहिली, दुसरी, तिसरी आणि पाचवी फ्लॉपी लावून झाली. पहिलीवरचा तो ७ मार्च म्हणजे ३ जुलै, शाळा सुरू झाल्यावरचा, आणि वहीत तो आहे. यादी वेगळ्या वहीत केली आहे: फ्लॉपीवरची तारीख, आपण काढलेली तारीख, कशावरून. फाइलीला हात लावलेला नाही.

चौथ्या फ्लॉपीवर दोन फायली अडल्या आहेत. दोन्हींवर १९८०, दोन्हींना बॅक, आणि बॅकवरही १९८० च. वहीत त्या जागी १७ आणि २६ नोव्हेंबर, दोन वेगळ्या वाड्यांवरच्या बायका. बॅकच्या जागा पाहिल्या तर एक क्रम लागतो, पण बाबांनी दोनापेक्षा जास्त वेळा उघडल्या असतील तर तो खरा नाही, बरोबर ना? त्या दोघींपैकी एकीची सून अजून त्याच घरात राहते असं कळलं. शनिवारी दोन्ही फायली छापून घेऊन जाते आणि वाचून दाखवते. तिने सासूच्या ओळखल्या तर इथे लिहीन.

ठाण्याला फोन केला होता. ती म्हणाली, वाच. मी चौदाही वाचल्या.